शस्त्रक्रियागृहातील हवा आणि भूल देणारी माणसे

भूल देताना रुग्णाच्या श्वासमार्गात जी साधने घातली जातात, त्यांच्यामुळे तेथे काम करणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि तंत्रज्ञांना हवेवाटे संसर्ग होण्याचा धोका किती, या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. काही पत्रे बरीच लांब होती. त्यांतील मुद्दा तेवढा ठेवला आहे. ज्यांनी स्वतःच्या तपासण्यांचे अहवाल सोबत पाठवले आहेत, त्यांनी ते कृपया आपल्या डॉक्टरांनाच दाखवावेत, कारण सदरातून कोणाचेही निदान करता येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी यंदा भूलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला रुजू झाली आहे. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणे हे रुग्णालयातील सर्वांत धोक्याचे काम, असे आम्ही करोनाच्या काळात सतत ऐकत होतो. तो धोका खरोखरच तेवढा आहे का?
— एक पालक, सातारा

उत्तर : आपण ऐकले ते कोणी उगाच उठवलेले नव्हते, त्यामागे २००३ सालच्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीचा अनुभव होता. त्या साथीत जगभर आठ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, ७७४ माणसे दगावली, आणि रुग्णांमध्ये साधारण पाचवा हिस्सा आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. टोरंटोमध्ये एका अत्यवस्थ रुग्णाला नळी घातल्यानंतर, मास्क, गाऊन आणि हातमोजे वापरूनही, त्याच्या शुश्रूषेतील अनेक कर्मचारी आजारी पडले. पुढे २०१२ मध्ये अशा निरीक्षणांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नळी घालण्यात सहभागी असलेले आणि नसलेले कर्मचारी यांची तुलना करून संसर्गाच्या शक्यतेचे जे गुणोत्तर त्यात काढले होते, ते ६.६ भरले, म्हणजे सहभागी असलेल्यांची बाजू साडेसहा पटींहून जड. २०२० मध्ये करोना आला तेव्हा हाच आकडा जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जाऊन बसला आणि नळी घालणे हे ‘तुषार निर्माण करणाऱ्या’ कामांच्या यादीत अग्रभागी आले.

तथापि त्या आढाव्याच्या लेखकांनीच हाती असलेल्या पुराव्याचा दर्जा अतिशय कमी असल्याचे नोंदवले होते, हे यादी वाचणाऱ्या बहुतेकांच्या नजरेतून निसटले. सार्सच्या साथीत नळी कोणाला घातली गेली, याचा विचार करावा. ज्याची फुप्फुसे निकामी होत चालली आहेत आणि ज्याच्या शरीरात विषाणू भरपूर आहेत, अशाच रुग्णावर ती वेळ येत होती. टोरंटोच्या त्या रुग्णाला नळीपूर्वी घट्ट मास्कमधून दाबाखाली हवा दिली जात होती, तो खोकत होता, आणि कर्मचारी बराच वेळ त्याच खोलीत होते. अशा परिस्थितीत संसर्ग नळी घालण्याच्या त्या काही सेकंदांत झाला, खोकल्यामुळे झाला की खोलीत साचलेल्या हवेतून झाला, हे नुसत्या नोंदींवरून वेगळे करता येत नाही.

ते वेगळे करण्याचा प्रयत्न २०२० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. तेथील संशोधकांनी अतिस्वच्छ हवेच्या शस्त्रक्रियागृहात, जेथे हवेत मुळातच जवळपास कण नसतात, रुग्णाच्या तोंडाजवळ कण मोजणारे यंत्र ठेवले आणि भूल देण्याचा सगळा क्रम मोजला. मास्कने श्वास देणे धरून नळी घालण्याच्या काळात एक लिटर हवेत सरासरी १.४ कण आढळले; जाग्या माणसाने मुद्दाम खोकून दाखवले तेव्हा तोच आकडा ७३२ होता. नळी काढताना कण वाढले, विशेषतः रुग्ण खोकला तर, आणि सरासरी २१ पर्यंत गेले. पण तेही मुद्दाम काढलेल्या खोकल्याच्या पस्तिसाव्या हिश्शाइतकेच होते.

असे का व्हावे, हे श्वासाची यंत्रणा पाहिली की समजते. श्वासातील अतिसूक्ष्म थेंब मुख्यतः तीन ठिकाणी तयार होतात. फुप्फुसांतील बारीक वायुमार्ग मिटून पुन्हा उघडताना त्यांवरचा द्रवाचा पडदा फुटतो तेथे, बोलताना थरथरणाऱ्या स्वरतंतूंपाशी, आणि खोकताना वेगाने सुटणाऱ्या हवेच्या झोतात. नळी घालण्याआधी रुग्णाला स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले असते. तो बोलत नाही, खोकत नाही, स्वतः श्वासही घेत नाही, त्यामुळे तिन्ही उगम जवळपास बंद पडतात. औषधाचा अंमल पूर्ण बसण्याआधीच घाईने नळी घातली आणि रुग्ण खोकला, तर मात्र हे सगळे गणित उलटते. म्हणून आपल्या मुलीला तिचे वरिष्ठ ‘रिलॅक्संट बसू दे, मगच लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पाहण्याचे साधन) उचल’ असे बजावत असतील, तर ते तिच्याही भल्यासाठी आहे.

या प्रयोगालाही मर्यादा आहेत. ते रुग्ण नियोजित शस्त्रक्रियेचे होते, त्यांना श्वसनाचा संसर्ग नव्हता, नळी घालणारे हात सरावलेले होते, आणि यंत्राने कण मोजले, विषाणू नव्हेत. धापा टाकणाऱ्या रुग्णाला मध्यरात्री अतिदक्षता विभागात नळी घालणे ही वेगळी परिस्थिती आहे. १७ देशांतील १,७१८ कर्मचाऱ्यांनी नोंदवलेल्या ५,१४८ प्रसंगांच्या एका पाहणीत नळी घालणाऱ्यांपैकी १०.७ टक्के जणांना नंतर करोनाचे निदान झाले किंवा लक्षणांमुळे विलग राहावे लागले अथवा दाखल व्हावे लागले. परंतु त्याच काळात ज्यांनी नळी घातली नाही अशांशी तुलना त्या पाहणीत नव्हती, आणि साथीच्या ऐन भरात माणसाला संसर्ग घरीही होत होता. दुसऱ्या बाजूने, एप्रिल २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये करोनाने मृत्यू पावलेल्या शंभराहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती तपासली गेली, तेव्हा त्यांत एकही भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागाचा डॉक्टर आढळला नव्हता. त्यांच्याकडे चांगले मास्क होते आणि ते काटेकोरपणे वापरले जात होते, हे त्याचे एक कारण असणारच. पण जनरल वॉर्डात खोकणाऱ्या रुग्णाजवळ साध्या मास्कवर वावरणारी परिचारिका नळी घालणाऱ्या डॉक्टरपेक्षा संसर्गाला अधिक उघडी पडत होती, हेही त्यातून सूचित होते, आणि या गोष्टीची हवी तेवढी चर्चा आपल्याकडे झाली नाही असे मला वाटते.

मुलीला एवढेच सांगावे की, रुजू होतानाच एन-९५ मास्कची ‘फिट टेस्ट’ (तो चेहऱ्याला नीट बसतो का याची चाचणी) करून मागावी, गोवर आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का ते तपासून घ्यावे, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला तर ड्युटीच्या धबडग्यात तो अंगावर काढू नये.

प्रश्न : मी ओटीत (शस्त्रक्रियागृहात) भूल तंत्रज्ञ आहे. नळी, एलएमए (स्वरयंत्रावर बसणारे मास्कसारखे साधन), आय-जेल (त्याच प्रकारचे साधन) आणि नुसता मास्क यांपैकी कोणते साधन वापरताना आम्हाला जास्त धोका असतो? आमच्याकडे बेन सर्किट (मशीन आणि रुग्ण यांना जोडणाऱ्या नळ्या) वापरतात, त्याचाही खुलासा करावा.
— एक वाचक, सांगली

उत्तर : हवेच्या गळतीच्या दृष्टीने पाहिले तर क्रम सरळ लागतो. फुगा असलेली नळी श्वासनलिकेतच बसते आणि फुग्यातील दाब २० ते ३० सेंटीमीटर पाण्याइतका ठेवला की बाजूने हवा गळत नाही. लंडनमधील डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा वापरलेला एलएमए स्वरयंत्राच्या वर बसतो, त्यामुळे दाब साधारण २० ते ३० सेंटीमीटरच्या पुढे गेला की हवा बाजूने सुटू लागते; आय-जेलचेही तसेच. मास्कची गळती तर धरणाऱ्याच्या हातावर आणि रुग्णाच्या दाढीवर अवलंबून असते. या क्रमावरूनच २०२० मध्ये ‘शक्य तेथे नळी, एलएमए टाळा, मास्कने श्वास देऊ नका’ असे सांगितले जात होते.

पण गळणाऱ्या हवेत कण किती, हा प्रश्न निराळा आहे. ब्रिस्टलच्या त्याच गटाने पुढे मास्कने श्वास देताना मोजणी केली, तेव्हा नीट धरलेल्या मास्कजवळ लिटरमागे ३ कण आणि मुद्दाम गळती ठेवली तेव्हा ११ कण आढळले. तेच रुग्ण जागे असताना शांतपणे श्वास घेत होते तेव्हाचा आकडा मात्र १९१ होता. एलएमए घालताना आणि काढतानाही जाग्या माणसाच्या श्वासाहून किंवा खोकल्याहून कमीच तुषार निघतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेव्हा साधन निवडताना रुग्णाची सोय आणि सुरक्षितता पाहावी. मास्कने श्वास द्यायचा टाळून रुग्णाचा ऑक्सिजन खाली जाऊ देणे तर कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आता बेन सर्किट. १९७२ पासून वापरात असलेले हे सर्किट हलके, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे असल्यामुळे आपल्याकडे तालुक्याच्या रुग्णालयांत अजून पाय रोवून आहे. त्यात ताजा वायू आतल्या बारीक नळीतून रुग्णाकडे जातो आणि रुग्णाने सोडलेला श्वास बाहेरच्या नळीतून मशीनजवळच्या झडपेकडे येतो. ती झडप, वायू बाहेर वाहून नेणारी नळी जोडलेली नसेल तर, थेट खोलीत उघडते, आणि तीही बहुधा तंत्रज्ञाच्या तोंडाच्या उंचीला. त्यातून भुलीचे वायू येतात हे आपल्याला वासावरून कळते. रुग्णाच्या फुप्फुसातील हवाही त्याच वाटेने येते, तिला मात्र वास नसतो.

यावरचा उपाय महाग नाही. नळी किंवा एलएमए आणि सर्किट यांच्यामध्ये जंतू अडवणारा फिल्टर बसवला की सोडलेला श्वास गाळूनच पुढे जातो, त्यामुळे खोली आणि सर्किट दोन्ही सुरक्षित राहतात. क्षयरोगाच्या रुग्णासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने घातलेली अट अशी की, फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण किमान ९५ टक्के अडवले पाहिजेत, आणि तो भरलेला असतानाही. दुकानात मिळणारा प्रत्येक एचएमई (श्वासातील उष्णता आणि ओलावा राखणारे जोडसाधन) हा फिल्टर नसतो. काही नुसतेच ओलावा राखतात, म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचावा. तो प्रत्येक रुग्णाला नवा लावावा. सकाळी लावलेला एकच फिल्टर दुपारपर्यंत चार रुग्णांना चालवण्याची काटकसर काही ठिकाणी दिसते, तिला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. सर्किट सोडवण्याची वेळ आली तर फिल्टर नळीलाच राहील अशा रीतीने, म्हणजे फिल्टरच्या मशीनकडील बाजूने सोडवावे, आणि त्याआधी वायूचा प्रवाह बंद करावा. शक्य असेल तेथे सक्शनसाठी (स्राव ओढून काढण्यासाठी) बंद पद्धतीचा कॅथेटर वापरावा, कारण नळी उघडी ठेवून खोल सक्शन केले की अर्धवट जागा असलेला रुग्ण हमखास खोकतो.

प्रश्न : आमच्या छोट्या रुग्णालयाच्या ओटीत दोन स्प्लिट एसी आहेत आणि खिडक्या कायमच्या बंद केलेल्या आहेत. थुंकीत क्षयरोगाचे जंतू असलेल्या रुग्णाची तातडीची शस्त्रक्रिया झाल्यानंतर पुढचा रुग्ण किती वेळाने आत घ्यावा? फवारणी करून अर्ध्या तासात घेतला तर चालेल का?
— एक परिचारिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला. नळी, मास्क यांची चर्चा पुष्कळ होते. खोलीतील हवा कोठून येते आणि कोठे जाते, हे विचारणारे थोडे.

क्षयरोगाचे जंतू ज्या कणांवर स्वार होतात, ते १ ते ५ मायक्रॉनचे असतात. थेंबातील पाणी उडून गेल्यावर उरलेले हे कण जमिनीवर लवकर बसत नाहीत, तासन् तास हवेत तरंगतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा नळाने वरच्या मजल्यावरील गिनिपिगच्या पिंजऱ्यांकडे नेली होती. रुग्ण आणि प्राणी यांचा एकमेकांशी काहीही संबंध येत नसतानाही ते प्राणी क्षयरोगाने संसर्गित झाले. मुद्दा हा की, रुग्ण बाहेर नेला म्हणून त्याची हवा त्याच्याबरोबर बाहेर जात नाही.

ती जाण्यास लागणारा वेळ खोलीतील हवा तासाला किती वेळा बदलते यावर ठरतो. हवा पूर्ण मिसळते आणि नवे कण येत नाहीत असे धरून काढलेले हिशेब असे आहेत : तासाला २० वेळा हवा बदलणाऱ्या ओटीत ९९ टक्के कण जायला १४ मिनिटे आणि ९९.९ टक्के जायला २१ मिनिटे लागतात. बारा वेळा बदलणाऱ्या खोलीत हेच अनुक्रमे २३ आणि ३५ मिनिटे होतात, सहा वेळा बदलणाऱ्या खोलीत ४६ आणि ६९. तासाला दोनच वेळा बदलत असेल तर मात्र १३८ आणि २०७ मिनिटे, म्हणजे जवळपास साडेतीन तास. प्रत्यक्षात कोपऱ्यांत हवा साचते, त्यामुळे यापेक्षा वेळ जास्तच धरावा.

आता आपल्या स्प्लिट एसीकडे येऊ. असा एसी खोलीतीलच हवा आत ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही आणि आतली बाहेर टाकत नाही. त्याची जाळी धूळ अडवते, क्षयरोगाचे कण नव्हे. खिडक्या बंद असलेल्या अशा ओटीत दाराच्या फटींतून जी काही हवा येईल-जाईल तेवढीच, म्हणजे वरच्या हिशेबातील शेवटची ओळ आपल्याला लागू पडण्याची शक्यता अधिक. फवारणीने टेबल, मशीन, फरशी स्वच्छ होते. तरंगणाऱ्या कणांसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. तेव्हा अर्ध्या तासाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे.

मग करायचे काय? असा रुग्ण त्या दिवसाच्या यादीत शेवटी ठेवला की निम्मा प्रश्न सुटतो, कारण त्यानंतर ओटी रात्रभर रिकामी राहू शकते. तातडीच्या शस्त्रक्रियेत ते जमत नसेल तर फिरता हेपा फिल्टर (हवेतील अतिसूक्ष्म कण गाळणारे यंत्र) उपयोगी पडतो. आपली ओटी ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे असे धरले, तर तिचे घनफळ ९० घनमीटर भरते. तासाला ५४० घनमीटर हवा गाळणारे यंत्र लावले की सहा वेळा हवा बदलल्याचा परिणाम मिळतो आणि साडेतीन तासांची वाट सव्वा तासाच्या आत येते. यंत्र घेताना विक्रेता ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ असे सांगेल. त्याला तासाला किती घनमीटर हवा गाळली जाते हे विचारावे, आणि तो वेग ज्या आवाजावर मिळतो तो आवाज शस्त्रक्रिया चालू असताना सहन होतो का तेही पाहावे. गाळणी असलेली ताजी हवा आत घेण्याची सोय करणे हा कायमचा उपाय आहे. नुसता एक्झॉस्ट पंखा बसवला तर तो कॉरिडॉरमधली धूळ फटींतून ओटीत ओढतो, म्हणून हवा आत येण्याची गाळलेली वाट नसताना शस्त्रक्रियेच्या वेळी तो चालवू नये. शस्त्रक्रिया संपून रुग्ण बाहेर गेल्यावर मात्र तो जरूर चालवावा.

मोठ्या रुग्णालयांत उलटी अडचण असते. तेथील ओटीत हवा भरपूर बदलते, पण जखमेत बाहेरचे जंतू येऊ नयेत म्हणून आतला दाब कॉरिडॉरपेक्षा जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे दार उघडले की रुग्णाच्या श्वासातील कण कॉरिडॉरमध्ये ढकलले जातात. म्हणून अशा रुग्णाच्या वेळी दार वारंवार उघडू नये, आत मोजकीच माणसे असावीत, आणि शुद्धीवर येईपर्यंत रुग्णाला सगळ्यांसोबतच्या रिकव्हरी खोलीत न नेता ओटीतच ठेवावे किंवा थेट विलगीकरण कक्षात हलवावे. वाट पाहण्याच्या काळात साफसफाईसाठी आत जाणाऱ्या मावशींना आणि वॉर्डबॉयना एन-९५ द्यायचा विसर बहुतेक ठिकाणी पडतो. डॉक्टर बाहेर पडून मास्क काढतात आणि त्याच हवेत मावशी साध्या मास्कवर फरशी पुसायला जातात, हे मला कधीच समजलेले नाही.

प्रश्न : माझ्या काकूंची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली होती. आधीच्या तपासणीत फुप्फुसाचा टीबी निघाला आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या भीतीपोटी रुग्णाला असे टाळणे योग्य आहे का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : यात टाळाटाळ नाही. जी शस्त्रक्रिया थांबू शकते ती रुग्णाचा संसर्ग ओसरेपर्यंत थांबवावी, असाच सर्वमान्य सल्ला आहे. औषधे नियमित सुरू असणे, प्रकृतीत सुधारणा होणे आणि थुंकीच्या तपासण्यांत जंतू न दिसणे, यांवरून ते ठरवतात. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात संसर्गक्षमता झपाट्याने कमी होते, दाद न देणाऱ्यात वेळ लागतो. थांबण्यात काकूंचाही फायदा आहे. खोकला असताना हर्नियाची शिवण ताणली जाते आणि आजारी फुप्फुसाला भूल कमी मानवते. हर्निया अडकला, दुखू लागला किंवा उलट्या झाल्या, तर मात्र क्षयरोग असला तरी शस्त्रक्रिया थांबवता येत नाही आणि कोणी थांबवूही नये.

प्रश्न : आम्ही सिझेरियन बहुतेक वेळा स्पायनलखाली (पाठीत इंजेक्शन देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करून) करतो. श्वसनाचा संसर्ग असलेल्या रुग्णाला स्पायनल दिली की नळीचा प्रश्नच उरत नाही आणि सगळे सुरक्षित राहतात, असे आमच्याकडे मानले जाते. हे बरोबर आहे का?
— एक स्त्रीरोगतज्ज्ञ, नांदेड

उत्तर : स्पायनल हा सिझेरियनसाठी उत्तम पर्याय आहे, पण त्याचे कारण आईची आणि बाळाची सुरक्षितता हे आहे. कर्मचाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र आपण समजता त्याच्या जवळपास उलट आहे. स्पायनलखाली रुग्ण जागी असते. ती श्वास घेते, बोलते, खोकते, मळमळले की ओकारी काढते, आणि हे सगळे तासभर चालते. स्नायू शिथिल केलेल्या आणि फिल्टरमधून श्वास सोडणाऱ्या रुग्णापेक्षा तिच्याकडून हवेत जाणारे कण अधिक असणार. तेवढ्यासाठी जनरल भूल द्यावी असे अजिबात नाही. मात्र ‘आज स्पायनल आहे’ म्हणून एन-९५ बाजूला ठेवणे चुकीचे आहे.

अशा रुग्णाच्या तोंडावर साधा सर्जिकल मास्क ठेवावा, ऑक्सिजन लागलाच तर त्याखालून नाकातील नळीने कमी प्रवाहात द्यावा. हा मास्क दिसायला क्षुल्लक असला तरी परिणामकारक आहे. दक्षिण आफ्रिकेत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रुग्ण मास्क लावत त्या दिवसांची वॉर्डातील हवा ९० गिनिपिगांकडे आणि न लावत त्या दिवसांची दुसऱ्या ९० गिनिपिगांकडे सोडली होती. मास्क असताना ३६, नसताना ६९ प्राणी संसर्गित झाले. हिशेबाने मास्कमुळे धोका ५६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. म्हणजे बराच घटला, पण संपला नाही, म्हणून कर्मचाऱ्यांचा एन-९५ हवाच.

जनरल भूल द्यावी लागली तर खरी काळजी शेवटी घ्यावी. नळी काढतानाचा खोकला कमी करण्यासाठी शिरेतून लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध देणे, तोंडातील सक्शन रुग्ण गाढ भुलीत असतानाच उरकणे, नळी काढताच मास्क तोंडावर धरणे, असे उपाय करता येतात. गाढ भुलीतच नळी काढण्याची पद्धत मात्र सिझेरियनमध्ये वापरू नये. पोट भरलेले असण्याचा धोका तेथे असतो आणि पोटातील द्रव फुप्फुसात जाणे हे थोड्या खोकल्यापेक्षा फार वाईट.

प्रश्न : २०२० मध्ये आम्ही नळी घालताना रुग्णाच्या डोक्यावर ठेवण्यासाठी अ‍ॅक्रिलिकची पेटी बनवून घेतली होती. ती स्टोअरमध्ये पडून आहे. पुढे कधी साथ आलीच तर वापरावी का?
— एक भूलतज्ज्ञ, नाशिक

उत्तर : वापरू नये. तैवानमधील एका भूलतज्ज्ञाने साहित्याच्या तुटवड्याच्या दिवसांत सद्हेतूने सुचवलेली ती कल्पना काही आठवड्यांत जगभर पसरली, पण तपासणीला उतरली नाही. पेटीच्या भोकांतून हात घालून काम करताना नळी घालायला जास्त वेळ लागतो आणि बाह्यांवरचे संरक्षक कपडे फाटतात, असे पुतळ्यांवरील चाचण्यांत दिसले. सक्शन नसलेल्या पेटीत कण साचतात आणि रुग्ण खोकला की त्याच भोकांतून झोताने भूल देणाऱ्याकडे येतात, असेही मोजणीत आढळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पेट्यांना दिलेली आपत्कालीन परवानगी ऑगस्ट २०२० मध्येच मागे घेतली. त्याऐवजी व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घ्यावा. त्यामुळे डॉक्टरचा चेहरा रुग्णाच्या तोंडापासून दूर राहतो, आणि साथ नसतानाही तो रोज उपयोगी पडतो.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये भूल विभागात काम करते. येथे २०२२ पासून नळी घालणे आणि काढणे ही कामे धोक्याच्या यादीत नाहीत. कोल्हापुरातील माझे सहकारी मात्र प्रत्येक जनरल भुलीला एन-९५ घालतात. बरोबर कोण?
— एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : दोघेही आपापल्या जागी. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने जून २०२२ मध्ये ही यादी नव्याने तपासली. जाग्या रुग्णाची ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासमार्ग तपासणे), श्वासमार्गातील सक्शन, ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडणे) यांसारखी कामे तिच्यात राहिली आणि नळी घालणे-काढणे त्यातून गेले. उपलब्ध मोजणी पाहता तो निर्णय समर्थनीय आहे.

पण यादीतून नाव गेले म्हणजे त्या खोलीतील हवा निर्धोक झाली असे नव्हे. मुळात कामांची यादी करून धोका ठरवण्याची पद्धतच अपुरी आहे, असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये मोठे थेंब आणि बारीक तुषार अशी जुनी काटेकोर विभागणी सोडून, श्वासातून निघणारे सर्वच संसर्गजन्य कण एका पट्ट्यावर मानावेत अशी परिभाषा सुचवली, ती याच दिशेने जाणारी आहे. रुग्णाला आजार कोणता, तो किती खोकतो, खोलीतील हवा किती बदलते आणि आपण तेथे किती वेळ असतो, यांवर मास्क ठरवावा. इंग्लंडमध्ये नियोजित शस्त्रक्रियेला आलेल्या माणसाला निदान न झालेला क्षयरोग असण्याची शक्यता फारच थोडी. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि तातडीच्या शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णाचा छातीचा एक्स-रे पाहायलाही अनेकदा सवड नसते. शिवाय कोल्हापूरच्या ओटीत मँचेस्टरइतक्या वेळा हवा बदलत असेलच असे नाही. आपले सहकारी नळीला घाबरून मास्क घालत असतील तर कारण चुकीचे असेल, सवय चुकीची नाही.

प्रश्न : पुढे झडप असलेला एन-९५ घातला की श्वास कोंडत नाही. तो ओटीत चालतो का? आणि दाढी असेल तर?
— एक निवासी डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : झडपेचा मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याने सोडलेला श्वास न गाळता बाहेर टाकतो, त्यामुळे उघड्या जखमेजवळ तो घालू नये, ओटीसाठी बिनझडपेचाच घ्यावा. दाढीमुळे मास्कची कड त्वचेला चिकटत नाही आणि हवा गाळणीतून न येता बाजूने येते, म्हणून दाढी ठेवायची असल्यास चेहऱ्याला चिकटावे न लागणारे, पंख्याने गाळलेली हवा देणारे शिरस्त्राण वापरावे लागते. ते महाग असल्याने आपल्याकडे क्वचित मिळते. नेहमीच्या मास्कसाठी कड जेथे टेकते तेवढी तरी त्वचा गुळगुळीत हवी, आणि घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडून पाहावा. कडेने, विशेषतः नाकाजवळ, वारा लागला तर पट्टी पुन्हा दाबून बसवावी. तरीही लागला तर तो आकार आपल्या चेहऱ्याचा नाही असे समजून दुसरा मागावा.